रिकामा कान

इअरबड्स घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं. मग डबीचं झाकण चार वेळा उघडून मिटून बघतं आणि शेवटी विचारतं, बास कसा आहे. कानात नीट बसतील का, हे कोणी विचारत नाही. निपाणीच्या स्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे, त्याला बारा वर्षं झाली, आणि एवढ्या एका गोष्टीवरून माझं डोकं अजून फिरतं. अरे बाबा, घालणार तू कानात, दाखवणार कोणाला?

मी कुठलाही नवा माल आधी स्वतः एक दिवस वापरतो. ज्वारीची शिळी, कडक भाकरी चावताना बड निसटतो का ते बघतो. चिकोडी रोडला गाडीवर वाऱ्यात फोन घेतो. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत कुशीवर आडवा होतो, कारण अर्धे बड उशी लागली की टोचतात आणि उरलेले उशीलाच बोट समजून गाणं बंद करतात. खोक्यावर चाळीस तास लिहिलेलं असतं आणि पाचव्या तासाला बाईचा आवाज येतो, बॅटरी लो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण स्वस्तातही चांगलं मिळतं, शोधणारा पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. माझं नाव आदर्श, पण स्टँडवर मला कोणी त्या नावानं ओळखत नाही. 'कानवाला' म्हणा, लगेच दुकान दाखवतील.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या बापाच्या कानात मी जे घातलं ते असंच पारखून घातलं होतं. त्या वस्तूत काही खोट नव्हती.

आप्पांचं नाव जिनाप्पा. निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. आप्पांनी सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला, पण गावात त्यांची ओळख दुसरीच होती. आमच्या जैनांत माणूस जायला लागला की त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगतात. शेवटचा शब्द तोच पडावा, आणि शुद्ध असेल तर जाणाऱ्यानं तो मनातल्या मनात म्हणत जावं. हे काम घरचे करतातच, पण घरच्यांना रडू आवरत नाही. मग आप्पांना बोलावणं यायचं. आप्पा हातपाय धुऊन, धोतर बदलून निघायचे. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर त्यांनी ऐंशी-नव्वद माणसं अशी पोचवली असतील.

त्यांचे गुडघे गेल्यावर मी त्यांना गाडीवरून न्यायचो. ते आत, मी बाहेर गाडीवर बसून मोबाइलमध्ये. एकदा ऊन फार लागलं म्हणून मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. आमच्या गावातल्या मालुबाईचा नवरा शेवटच्या आजारात होता त्या वेळची ही गोष्ट. आप्पा त्याच्या कानाशी वाकून बसले होते. मंत्राचं पहिलं पद म्हणाले आणि गप्प झाले. बराच वेळ गप्प. मग दुसरं पद. पुन्हा गप्प. मला वाटलं, म्हातारा विसरायला लागला. परत येताना मी त्यांची चेष्टा केली, आप्पा, पाच ओळींचा मंत्र, तोपण आठवंना व्हय? ते मागं बसून हसले. "इसरत न्हाय रं, थांबतोय," म्हणाले. कशासाठी थांबताय हे मी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि ते राहिलं ते राहिलंच.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. ती चार दिवस अंथरुणाला खिळून होती आणि आप्पा तिच्या कानाशी बसून होते. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवून घेतात. त्या दिवशी ऊन उतरायला लागलं तशी माझ्या बायकोनं, चंदनानं, सगळ्यांना घाईनं पानावर बसवलं. आप्पा नको म्हणत होते, मीच त्यांना ओढून नेलं. दहा मिनिटांत जेवून आलो तर आई गेलेली. ऐंशी-नव्वद लोकांच्या कानाशी बसलेला माणूस स्वतःच्या बायकोच्या वेळी ताटावर होता. आप्पा त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. वर्षानंतर कधीतरी वैरणीच्या गंजीजवळ उभे असताना म्हणाले, "माझ्या वेळंला कान रिकामा ठिवू नगंस. एवढंच कर." मी शब्द दिला.

गेल्या कार्तिकात आप्पांच्या किडन्यांनी हात टेकले. बेळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणाले, दोन म्हणा नाहीतर पंधरा म्हणा. आप्पांची वाचा गेली होती, पण डोळे ओळखत होते. उजवा हात थोडा हलत होता. मी दुकान बंद केलं आणि त्यांच्या कानाशी बसलो.

शब्द देणं सोपं असतं. कान सतत भरलेला ठेवायचा म्हणजे दिवसाचे चोवीस तास कोणीतरी बोलत राहायचं. पहिल्या दिवशी मी आणि चंदनानं आळीपाळीनं केलं. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बायका येऊन गेल्या, पण उसाला तोड आलेली, प्रत्येकीच्या घरी माणसं. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला. चंदना शाळेत शिकवते, तिची रजा संपत आली होती. मी नुसता पाणी प्यायला उठलो तरी आईची ती दहा मिनिटं डोळ्यासमोर यायची. आपण उठलो आणि हे गेले तर? मला दुसरं काही सुचेना. आणि मग सुचलं ते माझ्याच धंद्यातलं सुचलं.

सुचलं तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? झाला होता.

दुकानातून मी तीन जोड आणले. पहिला देठवाला, पांढरा, चकचकीत, दिसायला लाखात एक. म्हाताऱ्या माणसाच्या कानाची पाळी लोंबलेली असते, तिथं त्याचा देठ टिकेना. कूस बदलली की पडला. दुसरा शेंगदाण्याएवढा, बिनदेठाचा. बसला झकास, पण उशी लागली की बंद. त्याला मी खोक्यात परत टाकला. तिसऱ्याला कानामागून जाणारा मऊ आकडा होता आणि वर दाबायचं साधं बटण. रबरी टोप्या तीन मापांच्या होत्या. आप्पांना मधली बसली. बॅटरी सात तास चालली, मी घड्याळ लावून बघितली. डावा कानात असताना उजवा डबीत चार्ज होणार, मग उजवा कानात आणि डावा डबीत. म्हणजे एक तरी कान कायम भरलेला. हजाराच्या आतली वस्तू आणि असं काम. ही युक्ती कंपनीवाल्यालासुद्धा सुचली नसेल, असं मी चंदनाला म्हणालो.

मग मंत्र. नेटवर तबला-पेटीवाले ढीगभर होते, ते मी बाजूला सारले. एका वयस्कर माणसाच्या आवाजातला मिळाला. शांत, स्पष्ट, वाद्य नाही. पण तो प्रत्येक पदानंतर थांबत होता. मी मोजलं, कुठं पाच सेकंद, कुठं सात. मला ते खटकलं. त्या सात सेकंदांत काही झालं तर? मोबाइलमध्ये आवाज कापायचं एक ॲप आहे. त्यात रिकाम्या जागा काढून टाकायचं बटणच आहे. मी ते दाबलं. पाच पदं एकाला एक लागून आली, आणि शेवटच्यापाठोपाठ लगेच पुन्हा पहिलं. कुठं सुईएवढी फट राहिली नाही. मी ते स्वतः कानात घालून दोन वेळा ऐकलं आणि मगच आप्पांना लावलं.

पहिल्याच तासात आप्पांचे ओठ हलायला लागले. चंदनानं ते आधी पाहिलं. म्हणाली, मामंजी काहीतरी म्हणतायत. मी वाकून बघितलं. ते मंत्र म्हणत होते. मला भरून आलं. आवाज आत नीट पोचतोय, ह्याहून दुसरा पुरावा कुठला पाहिजे? तीन दिवस आमचं ऐकताना ओठ एवढे हलले नव्हते आणि आता बघ कसे हलतायत, असं मी शेजाऱ्यांनासुद्धा बोलावून दाखवलं.

संध्याकाळपासून आप्पांचा उजवा हात उठायला लागला. हळूहळू वर यायचा, छातीवर टेकायचा, मग कानाकडं जायचा. बोटं आकड्यात अडकवून ते बड ओढून काढायचे. मी परत घालायचो. थोड्या वेळानं पुन्हा हात. कानाला टोचत असेल म्हणून मी मधली टोपी काढून लहान लावली. तरी हात. आकड्याला कापूस गुंडाळला. तरी हात. आवाज दोन घरं कमी केला. पुन्हा तेच. मी चिडलो, स्वतःवर. माझ्या हातून गेलेल्या शेकडो जोडांत असं कधी झालं नव्हतं आणि सख्ख्या बापाच्या कानात मला एक जोड बसवता येईना.

दुसऱ्या दिवशी तर हात थांबेचना. श्वास भरभर चालला होता, ओठांना फेस येत होता, तो मी ओल्या कापडानं टिपत होतो. चंदना म्हणाली, थोडा वेळ काढून तर बघा, दमल्यासारखे दिसतायत. मी तिच्यावर खेकसलो. आईच्या वेळी पानावर कोणी बसवलं होतं, असं विचारलं. सहा वर्षांत हे मी कधी बोललो नव्हतो. ती उठून आत गेली.

मग मी आईच्या एका जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली आणि आप्पांचा उजवा हात खाटेच्या माचव्याला बांधला. घट्ट नाही, दवाखान्यात सलाइनच्या वेळी बांधतात तसा. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आप्पा, कान रिकामा ठेवत न्हाय मी. शबूद दिलाय न्हवं?" त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि मग छताकडं बघायला लागले. ओठ पुन्हा सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ओठ थांबले. मी समोरच होतो. नाकाशी हात धरला. मग पहिलं काय केलं असेल तर त्यांच्या कानातला बड काढून माझ्या कानात घातला. मंत्र चालू होता. मी रडलो, पण त्या रडण्यात सुटल्यासारखंही वाटत होतं. शब्द पाळला होता. हाताची पट्टी मी नंतर सोडली, लोक यायच्या आधी.

गावानं मला नावाजलं. शेवटचे तीन दिवस जिनाप्पांच्या कानात णमोकार क्षणभर खंडला नाही, पोरगा असावा तर असा, असं बसदीत, आमच्या देवळात, बोलणं झालं. निपाणीपर्यंत ते पोचलं. मी मान खाली घालून ऐकायचो आणि आतून छाती फुगायची.

पाचव्या दिवशी मालुबाई भेटायला आली. आता ऐंशीच्या पुढं गेली असेल. नातीचा हात धरून आली, भिंतीला टेकून बसली आणि आप्पांच्या आठवणी सांगायला लागली. नवऱ्याच्या वेळी तुझा बा दोन दिवस येत होता, म्हणाली. मी नुसता हं हं करत होतो. मग ती म्हणाली:

"तुझ्या बासारकं सांगणारं आता कोण ऱ्हायलं न्हाय बग. आजाऱ्याला चमच्यानं पाणी पाजतोय न्हवं आपण, तसं सांगायचा. एक पद सांगायचा आन् ववठाकडं बघत बसायचा. त्या माणसाचं म्हणून झालं, गिळून झालं, की मग म्होरलं. गिळल्याबिगर दुसरा चमचा घातला तर ठसका लागतोय, म्हणायचा. जाणारा माणूस आपल्याबरोबर म्हणत असतोय, त्येला मागं टाकून म्होरं जायचं न्हाय."

चंदना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघू शकलो नाही. मालुबाईनं चहा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरा, तू लई केलंस म्हणाली, आणि गेली.

त्या दिवशी मी दुकान उघडलं पण शटर अर्धंच वर केलं. मागच्या खोलीत गेलो. तोच जोड, तोच कापलेला आवाज. कानात घातला, आडवा झालो आणि बरोबर म्हणायला लागलो, नुसत्या ओठांनी. पहिल्या दोन फेऱ्या जमल्या. मग श्वास घ्यायला जागाच मिळेना. श्वास घ्यावा तर पद निसटतं, पद धरावं तर श्वास राहतो. अर्ध्या पदावर त्याला गाठायला जावं तर तो पुढच्या पदावर. सोडून द्यावं म्हटलं तर आम्हांला लहानपणापासून शिकवलंय, अर्धवट टाकायचा नाही. मी त्रेचाळीस वर्षांचा, अंगानं धडधाकट माणूस. चौथ्या मिनिटाला माझा हात कानाकडं गेला आणि मी बड ओढून काढला.

माझा हात मोकळा होता.

ते सोसण्यासारखं नव्हतं आणि अजूनही नाही. आप्पांनी तीन दिवस त्या यंत्राच्या मागं धावण्यात काढले. पुढं जाणाऱ्याला थांब म्हणायला त्यांच्याकडं वाचा नव्हती, एक हात होता. चंदनाला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच वाटत होतं. तिला अजून बरंच बोलता आलं असतं, पण ती तेवढंच बोलली. आईच्या वेळचं मी तिला जे ऐकवलं होतं, त्याची माफी मागितली, तिनं मान हलवली. आम्ही जेवायला बसलो तेव्हा दिवस मावळून गेला होता, आणि दोघंही न जेवता उठलो.

त्यानंतर महिन्याभरानं दुकानात एक बाई आली. जवळच्या अकोळ गावची. खांद्याला ऑफिसची पर्स, हातात हेल्मेट. म्हणाली, "जिनाप्पांना लावला हुतासा, त्यो जोड पायजे. आमची आई दोन दिवसापासनं बोलंना झालीया."

मी म्हणालो, तो मी आता विकत नाही. तिनं कपाटाकडं बोट दाखवलं, मागं तर दिसतोय. मी म्हणालो, आक्का, यंत्र नको, माणूस बसवा कानाशी. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बसाय कोण हाय?" ती म्हणाली. "मी कारखान्याच्या ऑफिसात, आमचं मालक बेंगळूरला, पोरं परीक्षंला. तुमच्या घरात तर माणसं हुती, तरी तुमी लावलासाच न्हवं?"

मी जोड काढला. तिच्या मोबाइलमध्ये मी मंत्र भरून दिला. तो कापलेला नाही, मूळचा, आणि त्यातही प्रत्येक पदापुढची जागा मी दुप्पट केली होती. हे काम मी आधीच करून ठेवलं होतं, कोणासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. आवाज मध्येच बंद पडला असं वाटेल, म्हणालो, तसं नसतं, घाबरू नका. आईच्या ओठांकडं बघत राहा आणि ओठ मागं राहिले तर बंद करून तुम्हीच सांगा. ती सगळं ऐकत होती, पण डोळे घड्याळाकडं होते. मग मी म्हणालो, हात कानाकडं गेला तर बड लगेच काढायचा.

"का?" तिनं विचारलं. "कानाला टोचतोय व्हय?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

"न्हाय, टोचत न्हाय," मी म्हटलं. "बसतोय चांगला. पर माझ्या आप्पांचा हात मी बांधून ठिवला हुता."